स्लॅबची पुसलेली तपासणी

नोकरीतली पुष्कळशी प्रकरणं आता माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुठली चोरी डिचोलीची आणि कुठली पेडण्याची, असं कुणी विचारलं तर मला थोडं थांबावं लागतं. केरीच्या वाटेवर कोसळलेल्या त्या स्लॅबचं मात्र तसं झालेलं नाही. त्यात कोण माझ्यासमोर कुठल्या खुर्चीवर बसलं होतं, हेसुद्धा मी आज सांगू शकतो. प्रकरण न्यायालयात आहे, म्हणून कुणाचं नाव घेत नाही. नावांची गरजही नाही.

माझ्या निवृत्तीला थोडाच काळ उरला होता. पेडणे तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी प्रमुख होतो. सकाळची हजेरी झाली होती, रात्रपाळीची माणसं घरी गेली होती आणि माझ्या टेबलावर नुकतीच पातळ भाजी आणि पाव येऊन पडला होता. ठाणे अंमलदाराने फोन घेतला. ऐकता ऐकता तो उभा राहिला. फोनवर माणूस उभा राहिला की खाणं बाजूला सारायचं, हे मी नोकरीच्या पहिल्या वर्षी शिकलो होतो.

पर्यटकांसाठी फ्लॅट बांधायचं काम चालू होतं. उतारावर भराव घालून जागा सपाट केली होती. पार्किंगवरच्या स्लॅबचं काँक्रीट ओतत असताना मधला भाग खाली बसला. खाली टेकू बघायला गेलेला सेंट्रिंगचा एक कारागीर त्यात सापडला. दोडामार्गकडचा माणूस, चाळिशीचा, दोन मुलींचा बाप. बांबोळीच्या इस्पितळात पोचेपर्यंत तो गेला होता.

कारण शोधायला फार वेळ लागला नाही. सरकारी बांधकाम खात्याचा अभियंता पंचनाम्याला आला होता. त्याने खाली वाकून बघितलं आणि सांगितलं, टेकू ओल्या भरावावर उभे केले आहेत, त्यांच्या बुडाशी फळ्या घातलेल्या नाहीत, वजन येताच ते मातीत रुतले. म्हणजे काय झालं ते कळलं होतं. असे टेकू उभे असताना स्लॅब ओतायला हो कुणी म्हटलं, एवढंच शोधायचं होतं.

हल्ली बऱ्या साइटवर याची एक पद्धत असते. स्लॅबच्या आधी एक इंजिनियर टेकू, सळ्या, फळ्या सगळं तपासतो आणि एकेका मुद्द्यापुढे बरोबर की चूक ते लिहितो. त्याला चेकलिस्ट म्हणतात. पूर्वी ती कागदावर असे, आता टॅबवर एका अ‍ॅपमध्ये भरतात. ती मॅनेजरकडे जाते, तो मंजुरी देतो, मग मिक्सरच्या गाड्या येतात.

इथे हे तपासणीचं काम एका मुलीकडे होतं. लाटंबार्सेची, घरी भातशेती आणि काजूची बाग, घराण्यातली पहिली इंजिनियर. अपघात झाला तेव्हा ती साइटवर नव्हती. काँक्रीटचे नमुने चाचणीसाठी म्हापशाला घेऊन जायला मॅनेजरने तिला सकाळीच पाठवलं होतं.

मॅनेजरची जबानी आधी घेतली. माणूस ताठ बसणारा, बोलणं मोजकं.

"तपासणी करणं त्या मॅडमचं काम होतं. त्यांनी ती केलीच नाही. मी समजलो झाली असेल."

"त्या म्हणतात, आदल्या संध्याकाळी केली."

"मग सिस्टीममध्ये असती. सिस्टीममध्ये नाही म्हणजे झालीच नाही."

हे शेवटचं वाक्य त्याने त्या दिवशी माझ्यासमोर निदान चारदा उच्चारलं असेल. खोटं बोलणारा माणूस बहुधा एक वाक्य घट्ट धरून ठेवतो आणि अडचण आली की त्याच्यावर जाऊन उभा राहतो. पण खरं बोलणारेही कधी कधी तसंच करतात, त्यामुळे तेवढ्यावरून निष्कर्ष काढता येत नाही.

मुलगी रडत नव्हती. तिने टॅब माझ्यासमोर धरला आणि बोटाने यादी वर-खाली सरकवून दाखवली.

"सर, मी इथे भरली होती. टेकू नापास केले होते. फोटो जोडले होते. त्यांना फोन करून सांगितलंसुद्धा. ते म्हणाले, बघतो, करून घेतो. आता ती यादीत नाहीच."

तिच्या फोनवर मॅनेजरला केलेला कॉल दिसत होता. पण कॉलमध्ये काय बोलणं झालं, ते कोण सांगणार? फोटो अ‍ॅपमधूनच काढलेले, त्यामुळे तेही गेलेले. यादीत पाहावं तर तिच्या त्या दिवसाच्या बाकीच्या दोन तपासण्या होत्या, हीच नव्हती.

मृताचे नातेवाईक ठाण्याबाहेर बसून होते. वर्तमानपत्रवाले विचारत होते, अटक कधी? वरिष्ठांचा फोन आला की कंपनीच्या रेकॉर्डवर तपासणी नाही आणि जबाबदारी त्या इंजिनियरची आहे, तर थांबलात कशासाठी? प्रश्न रास्त होता. तिच्या अटकेचे कागद तयार करायला मला अर्धा तास पुरला असता. मी दोन दिवसांची मुदत मागून घेतली.

त्याच दुपारी तिचे वडील आले. पायात रबरी चप्पल, हातात काही नाही. शिफारस आणली नव्हती, पंच-सरपंचही बरोबर नव्हता. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"सायबा, माझा चेडू तोंडान फटकळ आसा. माका पण उलटा बोलता. पण न बघता सही करूचा नाय."

बापाचं बोलणं पुरावा होत नाही. मी त्यांना पाणी दिलं आणि घरी पाठवलं.

खबर आली ती दुसऱ्या दिवशी. मेलेल्या कारागिराबरोबर काम करणारा, त्याच्याच गावचा एक सुतार ठाण्यात आला. माझ्या हवालदाराने आदल्या दिवशी साइटच्या ऑफिसात त्याची जबानी घेतली होती, आणि त्यात 'मला काही माहीत नाही' यापलीकडे काही नव्हतं. आज तो दारातूनच बोलायला लागला.

"सायबानू, बायन आदल्या सांजेक काम बंद ठेवा म्हणान सांगल्यान होता. टेकवांचे फोटू काढल्यान, आमच्या समोर."

"मग काल का नाही सांगितलंस?"

"मॅनेजर बाजूक बसलेलो. कसा सांगतलंय?"

मी हवालदाराकडे पाहिलं, तो जमिनीकडे पाहू लागला. मालकाच्या ऑफिसात, मालकाच्या पंख्याखाली घेतलेली कामगाराची जबानी ही मालकाचीच जबानी असते. मी सुताराला आतल्या खोलीत बसवलं आणि जबानी नव्याने लिहून घेतली. आता मुलीच्या बाजूने एक साक्षीदार होता. पण तो तिच्या हाताखाली काम करणारा, आणि समोर कंपनीचं कोरं रेकॉर्ड. कुठलाही वकील त्याला दहा मिनिटांत गोंधळात टाकू शकला असता. ती नोंद हवीच होती.

मी पणजीच्या सायबर विभागात फोन केला. तिथून एक महिला उपनिरीक्षक आली. मी तिला सरळ विचारलं, "पुसलेली नोंद परत येते का?"

"कुठे पुसली त्यावर आहे, सर. हे अ‍ॅप एका सॉफ्टवेअर कंपनीचं आहे, माहिती त्यांच्या सर्व्हरवर असते. स्क्रीनवर दिसत नाही म्हणजे तिथे नाही, असं नसतं."

मला काही समजलं नाही हे माझ्या चेहऱ्यावरून तिला कळलं असावं, कारण तिने खुर्ची पुढे ओढली.

"आपल्या ठाण्याचंच घ्या. पुढच्या काउंटरवर कुणी आला तर हवालदार त्याला चालू रजिस्टर दाखवतो. जुनं बाड मागच्या खोलीत. अ‍ॅपचा स्क्रीन म्हणजे तो काउंटर. पण सॉफ्टवेअरला एक मागचं दारही ठेवलेलं असतं, एका प्रोग्रामने दुसऱ्या प्रोग्रामकडे माहिती मागायला. त्याला एपीआय म्हणतात. परवानगी असेल आणि प्रश्न बरोबर विचारला, तर जे काउंटरवर मिळत नाही ते तिथे मिळतं. पुसलेल्या नोंदीसुद्धा."

"म्हणजे पुसलेलं जळत नाही?"

"बऱ्याच ठिकाणी नुसता 'हटवलेलं' असा शिक्का बसतो. काही काळाने मात्र ते खरंच साफ करतात. तेवढ्यासाठी घाई."

नोटीस त्याच संध्याकाळी गेली, एक सॉफ्टवेअर कंपनीला आणि एक बांधकाम कंपनीला, कारण खातं त्यांच्या नावावर होतं. बांधकाम कंपनीच्या मालकाने खळखळ न करता लेखी संमती दिली. त्याला वाटत होतं की काही निघणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याच खोलीत दोन पंचांसमोर काम सुरू झालं. सॉफ्टवेअर कंपनीचा तंत्रज्ञ परराज्यातून व्हिडिओवर होता. मी पडद्याकडे पाहत होतो. अ‍ॅपसारखं सुबक काही नव्हतं, नुसत्या कंसातल्या ओळी. उपनिरीक्षिकेने त्या प्रकल्पाच्या सगळ्या तपासण्या मागितल्या. उत्तर आलं. त्यात आमची नव्हती.

"नाही?" मी विचारलं.

"ही चालू यादी आहे, सर. हटवलेल्यांची वेगळी मागावी लागेल."

तिने तंत्रज्ञाशी बोलून प्रश्न बदलला. या वेळी उत्तर छोटं होतं. एकच नोंद. त्या स्लॅबची.

तंत्रज्ञ उत्साहाने म्हणाला, "मॅडम, रिस्टोअर करून देऊ का? ॲपमध्ये परत दिसेल."

"हात लावू नका," ती म्हणाली. "परत आणलीत तर तिच्यावर आजची वेळ चढेल. आहे तशी प्रत द्या, आणि ती खरी असल्याचं प्रमाणपत्र द्या."

तिचं हे बोलणं मला फार आवडलं. पुरावा सापडल्यावर पोलिसाचे हात शिवशिवतात, आणि तिथेच अर्धे खटले बिघडतात.

मग तिने मोठ्याने वाचून दाखवलं. टेकूखाली फळ्या नाहीत, नापास. भरावाची माती ओली, नापास. शेरा असा होता: "दुरुस्ती होऊन पुन्हा तपासणी झाल्याशिवाय स्लॅब टाकू नये." खाली मुलीचं नाव आणि आदल्या संध्याकाळची वेळ. तीन फोटो वेगळे उतरवून घेतले. एका फोटोत मातीत रुतलेल्या टेकूजवळ एक माणूस उकिडवा बसून कॅमेऱ्याकडे बघत होता. माझा हवालदार पटकन बाहेर गेला. मृतदेहाच्या पंचनाम्याच्या वेळी तो चेहरा आम्ही दोघांनी पाहिला होता.

नोंदीला तिचा इतिहास जोडलेला होता. मॅनेजरने ती त्याच रात्री उघडून पाहिली होती. आणि अपघातानंतर थोड्याच वेळात कुणीतरी ती पुसली होती. ज्या लॉगिनवरून पुसली ते कुणाचं, हे तिने वाचलं, तेव्हा मी तिला पुन्हा वाचायला सांगितलं. ते मॅनेजरचं नव्हतं.

मॅनेजरला बोलावलं. कागद पाहिल्यावर ताठपणा गेला. मिक्सरच्या गाड्या ठरल्या होत्या, काम मागे पडलं होतं, सकाळी माणसं फळ्या घालतील असं वाटलं, हे सगळं त्याने एका दमात सांगितलं. मुलगी अडवेल म्हणून तिला म्हापशाला पाठवलं, हे सांगायला थोडा वेळ घेतला.

"आणि नोंद?"

"मी नाही पुसली, साहेब. अपघातानंतर अ‍ॅप उघडलं तर ती नव्हतीच. कुणी काढली ते मी विचारलं नाही. मला वाटलं, बरंच झालं."

यावर मी विश्वास ठेवला. आयतं मिळालेलं खोटं माणूस तपासून घेत नाही.

लॉगिन होतं साइटवरच्या सगळ्यात जुन्या इंजिनियरचं. मुळगावचा माणूस, साठीला आलेला. उमेदीची सगळी वर्षं खाणीवर काढली, खाणी बंद पडल्यावर बांधकामात आला. साइटवर सगळे त्याला काका म्हणत. मुलगी बसने अस्नोड्याच्या तिठ्यावर यायची आणि तिथून काकांच्या गाडीतून पुढे साइटवर. तो तिला 'बाय' म्हणायचा, घरून तिच्यासाठी डबा आणायचा. तिच्याविरुद्ध त्याच्या तोंडून एक शब्द आला नव्हता. मग हे काय?

मी त्याला ठाण्यात बोलावलं. तो वेळेआधी आला. इस्त्रीचा शर्ट, आणि हातात एक कापडी पिशवी. पिशवीत काय, म्हणून विचारलं तर म्हणाला, दोन जोड कपडे आणि प्रेशरच्या गोळ्या. जो माणूस कपडे घेऊन चौकशीला येतो, त्याला बोलतं करावं लागत नाही.

"मीच काढली, साहेब," तो बसता बसताच म्हणाला.

"का?"

"बायसाठी."

मी लेखनिकाला लिहायची खूण केली. काका पुढे सांगू लागला.

"खाणीवर असताना एक अपघात झाला होता. बांध फुटला. चूक वरच्यांची होती. पण तपासणीच्या कागदावर एका पोरसवदा ओव्हरसियरची सही होती. तो अडकला. वर्षानुवर्षं तारखा. लग्न मोडलं, नोकरी गेली. वरचे सगळे सुटले. परवा स्लॅब पडला, माणूस खाली आहे असं ओरडणं ऐकलं, आणि माझ्या डोळ्यांपुढे तोच आला. बाय म्हापशाला. मी ऑफिसात गेलो, तिचं नाव असलेली ती तपासणी शोधली आणि काढून टाकली. कागदच नाही तर तिला कशावर धरणार?"

"आणि मग मॅनेजर म्हणाला की तिने तपासणी केलीच नाही, तेव्हा?"

"तेव्हा माझा जीव खालीवर झाला. पण मी विचार केला, तपासणी केली नाही म्हणून नोकरी जाईल. केली आणि ओके लिहिलं, असं निघालं तर तुरुंग. नोकरी दुसरी मिळते."

 कुठेतरी एक पायरी सुटत होती.

"काका, पुसण्याआधी ती वाचलीत?"

"काय?"

"तिने काय लिहिलं होतं ते."

"नाही. त्यात वाचायचं काय, साहेब? सगळे ओकेच लिहितात. मी जन्मभर ओके लिहिलं. स्लॅब पडला म्हणजे तिनेही ओके लिहिलेलं असणार."

मी छापलेला कागद त्याच्यापुढे फिरवून ठेवला. त्याने खिशातून चष्मा काढला. तो फार सावकाश वाचत होता, एकेका ओळीवर बोट ठेवून. शेवटच्या शेऱ्यापाशी बोट थांबलं. बाहेर वायरलेसवर कुणीतरी गाडीचा नंबर सांगत होतं, तेवढाच आवाज. त्याने चष्मा काढला, पुन्हा घातला, पुन्हा तीच ओळ वाचली.

"म्हणजे तिने थांबवलं होतं," तो म्हणाला.

"होय."

"हा कागद राहिला असता तर..."

"तर पहिल्याच दिवशी ती सुटली असती."

तो रडला नाही. पिशवी मांडीवर घेऊन बसला आणि बराच वेळ तिच्या बंदाला गाठी मारत आणि सोडत राहिला.

नोंद ओळखून पटवायला त्याच दुपारी मुलीलाही बोलावलं होतं. मी दोघांना वेगळं ठेवायला हवं होतं, पण आमच्या ठाण्याचा व्हरांडा एकच. ती आली तेव्हा काका बाकावर होता. माझ्या खोलीत तिने सगळं ऐकलं, फोटो ओळखले, सही केली. बाहेर पडताना ती त्याच्यासमोर थांबली. मी दारात होतो.

"बाय, माका माफ कर," तो उठून म्हणाला. "तुका वाचवूक गेलो."

"रोज एका गाडीतून येत होतो, काका. एकदा विचारायचं होतं."

"भियेलो मी."

"तुम्हाला वाटलं, मी न बघता ओके लिहिलं असणार?"

 तिच्यावर गेले दोन दिवस ठपका होता, लोक घरापर्यंत जाऊन बोलून आले होते, तरी ती रडली नव्हती. इथे तिला रडू आलं. ती पायऱ्या उतरून गेली, आणि फाटकापाशी पोचून परत आली. मला वाटलं त्याला काही बोलणार. ती माझ्या खोलीत आली.

"सर, माझ्या जबानीत एक वाक्य घालायचं आहे. काकांनी हे वाईट हेतूने केलेलं नाही."

लेखनिकाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, साक्षीदार सांगते ते लिही.

दोषारोपपत्र मॅनेजर आणि टेकू लावण्याचं काम घेतलेल्या ठेकेदारावर गेलं. काकावरही गेलं, पुरावा नष्ट केल्याचं. कायद्यात चांगल्या हेतूला जागा आहे, पण ती न्यायाधीशाकडे, ठाण्यात नाही. मुलगी आता डिचोलीकडे दुसऱ्या कामावर आहे असं ऐकतो. ती आणि काका पुढे कधी बोलले का, ते मला माहीत नाही.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं तरुण अधिकारी विचारतात. त्यांना एपीआयबद्दल ऐकायचं असतं. तेही सांगतो, कारण ते कामाचं आहे. नोंद दिसत नाही म्हणून हात टेकू नका, मागचं दार शोधा, आणि मिळालेल्या नोंदीला हात लावू नका. पण मला छळत राहिलं ते वेगळं आहे. त्या मुलीवर दोष ढकलणारा मॅनेजर तिचं जेवढं नुकसान करू शकला, त्याहून अधिक तिच्यावर माया करणाऱ्या माणसाने केलं, आणि तेसुद्धा एक पान न वाचता. तिची चूक त्याने मनातल्या मनात आधीच धरून टाकली होती आणि तीच तो झाकत होता. आपल्या माणसांच्या बाबतीत आपण हे सर्रास करतो. त्यांना विचारत नाही, थेट वाचवायला लागतो.

गेल्या पावसाळ्यात माझ्या मुलीचा फोन आला. ती म्हापशाला एका बँकेत आहे. कामाच्या ठिकाणी काहीतरी बिनसलं होतं, आवाज बारीक झाला होता. बँकेतल्या एका वरिष्ठाशी माझी जुनी ओळख आहे, त्याचा नंबर डोळ्यांपुढे आला. मी तो बाजूला ठेवला आणि म्हटलं, "काय झालं ते आधी मला सगळं सांग." ती पुष्कळ वेळ बोलली. मी मध्ये बोललो नाही. बोलणं संपलं तेव्हा लक्षात आलं की तिने जे करायला हवं होतं, ते ती सकाळीच करून मोकळी झाली होती. तिला फक्त ते कुणाला तरी सांगायचं होतं.